आणखी पाव फेरा

आमच्या गृहसंस्थेच्या वाहनतळावर रविवारी सकाळी आठच्या सुमारास जुन्या सतरंजीच्या घडीवर उताणे पसरलेले, गुडघ्यापर्यंत दृश्य आणि तेथून वर मोटारीच्या उदरात अंतर्धान पावलेले जे दोन पाय दिसतात, ते भाऊसाहेबांचे होत. पाटबंधारे खात्यातून उपअभियंत्याच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले त्याला आता अकरा वर्षे लोटली. परंतु खाते सुटले तरी गळतीशी जडलेले वैर सुटले नाही, आणि ज्या हातांनी एके काळी कालव्यांच्या दारांतून झिरपणारे पाणी मोजले तेच हात आज नळ, कुकर, गच्चीवरची टाकी आणि अखेरीस ही मोटार यांच्या पाठीस लागले आहेत. संस्थेतील मंडळींनाही त्या पायांशी संभाषण करण्याचा इतका सराव झाला आहे की देखभालखर्चाच्या थकबाकीचे स्मरणपत्रसुद्धा चिटणीस त्यांच्या डाव्या चपलेखाली सरकवून निघून जातात.

हा वर्ग आमच्याच आळीत आढळतो असे नाही. प्रत्येक पेठेत, प्रत्येक वसाहतीत त्याचा एक तरी प्रतिनिधी शासनाने नेमल्यासारखा हजर असतो, आणि त्याला ओळखण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. त्याच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बिस्किटे कधीही नसतात. त्यात चार पिढ्यांचे स्क्रू, वायसर आणि कशाचे आहेत हे विधात्यालाही न सांगता येणारे दोन-तीन पितळी तुकडे नांदत असतात. मोडलेली वस्तू तो टाकीत नाही, कारण वस्तू मोडते म्हणजे त्याच्या दृष्टीने ती त्याच्या अधिकारक्षेत्रात येते. आणि कोणत्याही यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी तो ‘त्यात काय आहे?’ हे तीन शब्द उच्चारतो, ज्यांचा अर्थ प्रश्न असा नसून आव्हान असा असतो. खरोखर त्यात काय आहे ते झाकण उघडल्यावरच त्याला कळायचे असते.

लोक याला चिक्कूपणा म्हणतात. मला तो अन्याय वाटतो. मजुरीचे पाचशे रुपये वाचविण्याकरिता जो मनुष्य दोन हजारांची हत्यारे खरेदी करतो त्याला चिक्कू म्हणणे हे अर्थशास्त्राला धरून नाही. खरी गोष्ट अशी की गॅरेजमधून आलेले अंदाजपत्रक त्याला आपल्या अब्रूवरील दाव्यासारखे वाटते. ज्याने तीस वर्षे इतरांची अंदाजपत्रके तपासून त्यांच्या समासात लाल शाईने ‘दर जास्त, फेरविचार व्हावा’ असे शेरे ओढले, त्याच्यापुढे एखाद्या विशीतल्या पोराने तेलकट चिठोऱ्यावर रक्कम लिहून ती अंगठ्याने सरकवावी, आणि तीवर शेरा मारण्यास समाससुद्धा नसावा, हे दुःख पेन्शनीने भरून निघणारे नव्हे.

प्रस्तुत प्रकरणाचे निमित्त झाले ते एंजिनाचे तेल बदलण्याचे. भाऊसाहेबांची मोटार लहान, डिझेलवर चालणारी, 1248 घनसेंटिमीटर एंजिनाची. हे एंजिन मूळचे इटालियन वंशाचे. परंतु एके काळी ते आपल्या रांजणगावीही तयार होत असे, आणि आपल्या गाडीतले तेथलेच आहे अशी भाऊसाहेबांची श्रद्धा असल्यामुळे महागणपतीच्या कृपेने त्यास काही होणे नाही असे ते मानतात. 2020 साली धुराचे नवे निकष लागू झाल्यावर त्या एंजिनाची भारतातील सेवा समाप्त झाली, तेव्हा त्यांनी एखादा सहकारी सक्तीने निवृत्त केला गेल्यासारखा खेद व्यक्त केला होता. असो. तर या एंजिनाच्या तळाशी असलेले तेल पंपाने वर खेचले जाते, कागदाच्या असंख्य घड्या घातलेल्या गाळणीतून दाबाने पार होते, आणि मगच क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते. म्हणजे मुद्दल कारखान्यात जाण्यापूर्वी प्रत्येक थेंबाची नाक्यावर झडती होते. ही गाळणी ज्या भांड्यात बसते त्यावर आट्यांचे एक काळे प्लास्टिकचे टोपण असते आणि टोपणाच्या गळ्यातील खाचेत रबराची एक बारीक कडी. गाळणी बदलायची, कडीही नवी घालायची, तिला बोटाने थोडे तेल पुसायचे आणि टोपण फिरवून बसवायचे, एवढाच तो विधी.

परंतु भाऊसाहेबांची मोटारविद्या प्लास्टिकच्या युगातील नव्हे. ती सरकारी पांढऱ्या अॅम्बॅसडरच्या छायेत, दौऱ्यावरच्या विश्रामगृहांच्या आवारात, ड्रायव्हरला बाजूला सारून संपादन केलेली. बंगालातील उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनणाऱ्या त्या गाडीच्या 1489 घनसेंटिमीटर एंजिनाला गाळणीकरिता तांब्याएवढे पोलादी भांडे असे, ते मधोमध एका लांब बोल्टाने आवळले जाई, आणि वरच्या खाचेत जुनी रबरी कडी चिकटून राहिली असता तिच्यावरच नवी बसविली तर तेल वाहू लागे. हा धडा भाऊसाहेब स्वानुभवाने शिकले होते. मात्र त्यातून त्यांनी जो सिद्धांत काढला तो कडीविषयीचा नव्हता, आवळण्याविषयीचा होता. ‘घट्ट म्हणजे घट्ट, आणि वर आणखी पाव फेरा’ हे ते सूत्र. पोलादाने ते निमूटपणे सोसले. सरकारी पोलादाला तक्रार करण्याची मुभा नसतेच.

त्या रविवारी मी दुधाच्या पिशव्या घेऊन परतत असता पायांनी मला हाक मारली.

“अहो, जरा ती नळी द्या बरं.”

नळी म्हणजे नळकामातून उरलेला हातभर लोखंडी पाइप. तो त्यांनी गोटीपान्याच्या दांड्यावर चढविला, एक दीर्घ श्वास घेतला, आणि त्यानंतर जो आवाज झाला तो मोठा नव्हता. सुपारी फुटावी तेवढाच होता. पाय निश्चल झाले. काही काळ त्या मोटारीखालून कोणतेही निवेदन प्रसृत झाले नाही.

“काही झालं का हो?” पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वहिनींनी विचारले. या प्रश्नातील ‘काही’ या शब्दावर त्यांनी जो भर दिला, तो छत्तीस वर्षांच्या संसाराखेरीज कोणालाही साधणार नाही.

“काही नाही. बसलं एकदाचं.”

ते बसले नव्हते. षट्कोनी डोक्यापासून आट्यांपर्यंत टोपणाला एक केसाएवढी चीर गेली होती. भाऊसाहेबांनी ते बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि तेथल्या तेथे जो तोंडी पंचनामा केला त्याचा आशय असा की, माल मुळातच निकृष्ट, रचना सदोष, आणि या देशात प्लास्टिक कोठे वापरावे याचे काही धोरणच नाही. पाइपाचा उल्लेख पंचनाम्यात नव्हता. मी साक्षीदार असूनही मौन पाळले. शेजारधर्माची काही कलमे पुराव्याच्या कायद्याहून कडक आहेत.

अशा वेळी शहाणा मनुष्य नवे टोपण आणतो. हा वर्ग लांबी आणतो. नळाच्या सांध्यावर लावतात ती, दोन गोळ्या एकत्र मळून होणारी लांबी भाऊसाहेबांनी पुरणाच्या उंड्याइतक्या तन्मयतेने मळली, चिरेवर थापली, बोटाने गुळगुळीत केली आणि दुपारची वामकुक्षी होईपर्यंत प्रकरण तहकूब ठेवले. सायंकाळी चार वाजता मोटार सुरू झाली. आता थंड एंजिन चालू होताच त्या गाळणीत तेलाचा जो दाब चढतो तो टायरातील हवेच्या दाबालाही मागे टाकतो, आणि तेलाने माखलेल्या प्लास्टिकवर लांबी कितीही मायेने थापली तरी धरत नाही, या दोन गोष्टी ज्ञात असणाऱ्यास पुढील वर्णनाची आवश्यकता नाही. इतरांकरिता सांगतो: मिनिटभर लांबीने लाज राखली, आणि मग ती कोकमाच्या सालासारखी सुटून जी उडाली ती बॅटरीवर जाऊन बसली. सकाळी मधासारखे सोनेरी ओतलेले तेल काळेकुट्ट होऊन फरशीवर पसरू लागले, तेव्हा भाऊसाहेबांनी प्रथम तेलविक्रेत्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला. डिझेल एंजिनात उरलीसुरली काजळी नव्या तेलाला पाहता पाहता काळे करते, यात विक्रेत्याचा अपराध नसतो, हे मी सुचविले. ते त्यांनी दप्तरी दाखल करून घेतले, मान्य केले नाही.

समोरच्या फलकावर झारीच्या आकृतीचा तांबडा दिवा उजळला होता. “तेल कमी झालं म्हणतोय,” भाऊसाहेब म्हणाले, आणि वरून ओतण्यासाठी कॅन उचलू लागले. तो दिवा तेल किती उरले हे सांगत नसून तेलाचा दाब पडला हे सांगतो, आणि तो दिसताच एका क्षणाचाही विलंब न लावता एंजिन बंद करावयाचे असते. ते बंद केले वहिनींनी. त्या केव्हा खाली आल्या, त्यांनी काचेतून हात घालून किल्ली केव्हा फिरविली, हे आम्हां दोघांपैकी कोणालाच कळले नाही. रखवालदाराने लाकडाचा भुसा आणून टाकला; तो त्याने आधीपासूनच गोणीत भरून तयार ठेवला होता, ही गोष्ट भाऊसाहेबांच्या नजरेतून सुटली असावी अशी मी प्रार्थना करतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने नाना पेठेत गेलो. पुण्यात मोटारीचा जो सुटा भाग नाना पेठेत मिळत नाही तो मोटारीला नसतोच, अशी आमच्याकडे समजूत आहे. पहिल्या दुकानदाराने टोपण एकटे मिळणार नाही, संपूर्ण भांडेच घ्यावे लागेल असे सांगून हजारांत रक्कम उच्चारली. दुसऱ्याने उद्या या म्हटले. तिसऱ्या, बोळाएवढ्या दुकानातील पोराने तुटका नमुना हातात घेऊन उलटसुलट केला, आणि फळीवरून तसेच एक टोपण काढून काउंटरवर ठेवले.

“काका, पाइप लावून आवळलं का?”

तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्यावर एकही खातेनिहाय चौकशी झाली नाही ते भाऊसाहेब या एका प्रश्नाने असे गोरेमोरे झाले की मला त्यांची दया आली. पोराने उत्तराची वाट पाहिली नाही. “सगळेच लावतात,” एवढे बोलून त्याने पैसे मोजून घेतले.

घरी आल्यावर वहिनींनी आपले वाचनाचे भिंग आणले आणि ते टोपण खिडकीच्या उजेडात धरले. “अहो, ह्यावर काहीतरी लिहिलंय. पंचवीस एन एम.”

“तो मालाचा नंबर,” भाऊसाहेब म्हणाले.

तो मालाचा नंबर नव्हता. टोपण किती बळाने आवळावे हे कारखानदाराने त्याच्याच डोक्यावर उठावाच्या अक्षरांत कोरून ठेवले होते: 25 न्यूटन-मीटर; म्हणजे वीतभर दांड्याच्या पान्याच्या टोकाला फार तर दहा-अकरा किलोचा भार. हातभर पाइपावर सबंध देह लटकवून भाऊसाहेबांनी दिला होता त्याचा हिशेब मी मनातल्या मनात केला. तो दसपटीच्या आसपास भरला. मोठ्याने मी काहीच बोललो नाही. परंतु ते अभियंते होते. त्यांचेही ओठ क्षणभर हलले, आणि गुणाकार पूर्ण झाल्याची खूण त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटली.

पुढच्या रविवारी त्यांनी कोणाकडून तरी टॉर्कपाना मागून आणला. दांड्यावरची मूठ फिरवून आकडा लावावयाचा, आणि तेवढे बळ पोहोचले की पाना ‘टक्’ असा आवाज करून आपले काम संपल्याची वर्दी देतो. मी जवळच उभा होतो. गाळणी बसली, कडी तिच्या खाचेत बसली, तेलाचा हात फिरला, टोपण आट्यांवर चढले. आणि पाना जेमतेम दोनदा ओढला न ओढला तोच तो टक् म्हणाला.

“झालं?” मोटारीखालून आवाज आला. त्या स्वरात जी निराशा होती ती मी फक्त मंगलाष्टके अर्ध्यात आटोपणाऱ्या गुरुजींच्या यजमानांच्या मुखावर पाहिली आहे.

“झालं,” मी म्हणालो.

बराच वेळ शांतता. मग उजवा हात बाहेर आला आणि सतरंजीच्या कडेने काहीतरी चाचपू लागला. हत्यारांच्या पेटीपर्यंत गेला, चाकाच्या मागे गेला, पुन्हा परत आला.

“अहो, ती नळी कुठे दिसते का हो?”

मी वर पाहिले. पहिल्या मजल्यावर खिडकीच्या कठड्यातील कुंडीत वहिनींची जास्वंद सुतळीचे चार वेढे घेऊन एका लोखंडी आधाराला बांधलेली होती, आणि वहिनी तिला पाणी घालीत होत्या.

“नाही बुवा,” मी म्हणालो.