हळद, बेंजो आणि दहा वॅट

बदलापूर गावात इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलं की 'कुठली घेतोस?' असं कुणी विचारत नाही. 'कशाला?' असं विचारतात. आईने विचारलं, बायकोने विचारलं, स्टेशनवरून गावात येणाऱ्या शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनीही विचारलं. "घरात एक आहे ना?" हा आईचा मुद्दा तर बिनतोड होता. आहे एक. कॉलेजच्या गॅदरिंगपासूनची, पोकळ पोटाची, साधी अकूस्टिक.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. खरं कारण म्हणजे हळद.

तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे हळदींचा हंगाम सुरू होतो, तो पाऊस तोंडावर येईपर्यंत हटत नाही. लग्न काय, मंगलाष्टकं म्हणून उरकतं. हळद रात्रभर चालते. आणि हळदीला बेंजो लागतो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, अमेरिकेतल्या चामडं ताणलेल्या गोल बँजोशी याचं नावापुरतंच नातं आहे. हा मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं: लांबट लाकडी खोकं, वर तारा, आणि त्या दाबायला टाइपरायटरला असतात तशी बटणं. ते हिंदुस्थानात आलं आणि त्याचा बुलबुलतरंग झाला. मग कुणा खटपट्याने तारांखाली पिकअप बसवला, वायर काढली, ॲम्प्लिफायरला जोडली. बुलबुल उडून गेला, बेंजो उरला. रवी जाधवांनी 2016 साली त्याच्या नावाने हिंदी सिनेमा काढला, तोवर आमच्या दोन पिढ्या त्यावर नाचून झाल्या होत्या.

अशा रात्री खिडक्या लावून मी अकूस्टिक घेऊन बसतो, तेव्हा ती मलाही ऐकू येत नाही. पोटाला थरथर जाणवते, त्यावरून वाजतंय हे कळतं. बेंजोकडे वीज आहे आणि आपल्याकडे नाही, ही खंत किती वर्षं मनात धरून बसायची?

वीज म्हणजे तरी काय करते? अकूस्टिकमध्ये तारेची थरथर पातळ फळीला लागते आणि पोकळ पोटात मोठी होते. इलेक्ट्रिकला पोटच नाही. भरीव लाकूड, त्यात चुंबक, चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. हाच पिकअप. वर पोलादी तार हलली की खालच्या वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने 1831 साली दाखवलेली ही गंमत आपण दहावीच्या परीक्षेत लिहिली आणि विसरलो. म्हणूनच अकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा इथे चढवून उपयोग नाही. चुंबक ब्राँझला दाद देत नाही. ही युक्ती लावून बाजारात खपलेली पहिली गिटार मांडीवर घेऊन वाजवायची हवाईयन होती, 1932 सालची, आणि तिच्या आकारावरून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी अशाच विजेच्या हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवून घराघरांत पोचवली. मला सगळ्यांत धीर दिला तो मात्र लिओ फेंडरने. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. 1954 साली त्याने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, जगातल्या बड्या बड्या गिटारवाल्यांनी ती गळ्यात घातली. आणि खुद्द फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती! एवढं वाचल्यावर मी पैसे काढले.

"उल्हासनगरला घे," गाडीतला ग्रुप म्हणाला. "मेड इन यूएसए मिळेल." यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याणच्या पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला बाळकडूतून मिळतो, आणि तरी दर वेळी सगळे हसतात. मीही हसलो आणि मुंबईला, धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. एवढ्या प्रवासात माणसाचा निश्चय एक तर पक्का होतो किंवा तो दादरला उतरून साडी घेऊन परत येतो.

दुकानातला मुलगा केस मागे बांधलेला, नम्र. त्याने एक गिटार काढली, वायर खुपसली आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत असं काही वाजवलं की शेजारी माउथ ऑर्गन बघणारे आजोबा दोन पावलं सरकले. मग ती गिटार त्याने माझ्या हातात दिली. तो आवाज त्याच्या बोटांत होता आणि बोटं विकायला नव्हती, हे पुढच्या मिनिटात सिद्ध झालं.

अकूस्टिकवाल्याचा हात कोपरापासून चालतो. सहाच्या सहा तारा झोडपायच्या, त्याशिवाय मागच्या रांगेला ऐकू जात नाही. अकूस्टिकची सगळ्यांत बारीक तार इंचाच्या 12 हजारांश जाडीची असते, इलेक्ट्रिकची 9 किंवा 10. जुन्या सवयीने दाबली की ती वाकते आणि सूर वर चढतो. मी साधा सी कॉर्ड धरला, तो बेसूर लागला. त्यात त्या मुलाने डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडायची सोय, चालू ठेवलेली. त्यात दोन स्वर झकास गर्जतात, सहा स्वर एकदम दिले की नुसता चिखल. शिवाय ज्या तारांना आपण हातही लावलेला नाही त्याही बोलू लागतात. उजव्या तळव्याने त्यांना गप्प ठेवणं हे वेगळंच काम. "सर, क्लीन देऊ?" त्याने विचारलं. माझं स्पष्ट मत असं की अकूस्टिकवाल्याने दुकानात शिरल्या शिरल्या क्लीनच मागावा. तो आवाज ज्या गिटारवर बरा लागतो ती घ्यावी, गर्जना नंतर कुठल्याही पेडलातून विकत मिळते.

लेस पॉल या नावाजलेल्या मॉडेलच्या घाटाची एक उचलून पाहिली, चारेक किलोची. बदलापूर लोकलमध्ये ती खांद्यावर घेऊन उभं राहायचं म्हणजे शेजाऱ्याच्या बरगडीची जबाबदारी आपल्यावर. शेवटी यामाहाची पॅसिफिका घेतली. हे मॉडेल 1990 पासून चालत आलंय. तिच्यात दोन पिकअप एकेरी आणि पुलाजवळचा एक जोडवेढ्याचा, म्हणजे हंबकर. दोन्ही घरची सोय. तीही जपान्यांचीच, बेंजो आणि ती लांबून भाऊबंद लागतात.

ॲम्पवर मात्र आमची जुंपली. मुलगा चाळीस वॅटचा दाखवत होता. मी विचारलं, "हळदीला पुरेल?" त्याला हा प्रश्न आधी कुणी विचारलेला दिसला नाही. मग त्याने जे गणित सांगितलं त्याने माझ्या महत्त्वाकांक्षेवर पाणी पडलं. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम कळेल इतकाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॅट लागतात. म्हणजे दहाच्या दुप्पट ऐकू यायला शंभर हवेत, आणि बेंजोला हरवायचं तर मला घर विकून ॲम्प घ्यावा लागेल, मग तो ठेवणार कुठे? मुकाट्याने दहा वॅटचा घेतला. त्याला हेडफोनचं भोक आहे. बायकोची एवढी एकच अट होती.

परतीच्या गाडीत भजनी मंडळ रंगात आलं होतं. माझी बॅग बघून पखवाजवाल्या बुवांनी जागा करून दिली. "अभंगाला चालते का?" म्हटलं, "चालते, पण प्लग लागतो." बुवांनी डब्याच्या छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि पुढचा अभंग धरला.

घरी जोडली आणि वाजवायच्या आधीच ती गुणगुणायला लागली. एकेरी पिकअप हा स्वभावाने चौकस. तारांबरोबर घरातली वीजही ऐकतो. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि हा सूर पेटीवर बघाल तर पांढरी पाचच्या अंगाला पडतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तंबोरा लावलास? छान." यावर उपाय म्हणूनच गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 च्या सुमारास उलटसुलट वेढ्यांची जोडी बसवून हंबकर तयार केला, दोघांत शिरलेली गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. मी खटका पुलाकडे ओढला, गुणगुण गेली. "बंद का केलास?" आई म्हणाली. आता संध्याकाळी दिवा लावताना ती मला एकेरी पिकअप लावून ठेवायला सांगते. वाजवू नको म्हणते, नुसता राहू दे.

लाईट गेली की इलेक्ट्रिकचं सोंग उघडं पडतं. वायरीविना ती वाजते, पण तिच्याहून डास बरा. पावसाळ्यात ॲम्प माळ्यावर जातो, कारण उल्हास नदीला तळमजल्यावर यायला आमंत्रण लागत नाही. 2005 चा पूर पाहिलेला माणूस जमिनीवर काही ठेवत नाही.

बातमी गावात फिरली आणि एका रविवारी बेंजोवाले दादा स्वतः आले. बसायच्या आधी वाकून तारांखाली पाहिलं. "ह्यो तं आपलाच पिकप रं!" मग त्यांच्या टेम्पोतल्या ॲम्पला आणि कॉलम स्पीकरला माझी गिटार जोडली. आवाज असा पत्र्याचा आणि टोचरा आला की मी घाबरून वायर उपटली. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर पाच हजार हेलकाव्यांच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही, त्यामुळे सूर गोल होतो. कॉलम सगळं जसंच्या तसं ओकतो. बेंजोला तेच हवं असतं, त्याशिवाय वरातीच्या शेवटच्या माणसाचे पाय हलत नाहीत. अर्धं वाद्य त्या दहा वॅटच्या डब्यात आहे, हे मला तेव्हा पटलं.

मग दादांनी आपला बेंजो माझ्या डब्याला लावला. दोन-तीन बटणं दाबली. आवाज मऊ, घरगुती, रात्री लवकर झोपणारा. दादांनी बटण फिरवून पाहिलं, आणखी फिरवलं, ते संपलं.

"तुजा डब्बा बिमार हाय काय?"

किंमत सांगितली. दादा बराच वेळ गप्प बसले. "इतक्यान आमचा बेंजो, पॅड, दोन कॉलम आलं असतं. वर वाजवनारा पन." मग गिटार गळ्यात घालून आरशात पाहिलं, खूश झाले. "परवा एरंजाडला हलद हाय. ये घेऊन. डब्बा नको आनू, आमचा हाय."

मी हो म्हणायच्या आत आतून बायकोचा आवाज आला, "जाताना तेवढे हेडफोन घेऊन जा."