राजमान्य राजश्री उपदंशराव फिरंगे यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री उपदंशराव फिरंगे यांचे सेवेशी,

जळगावच्या पिंप्राळ्याहून एका पेन्शनराचा चार हात अंतर राखून केलेला नमस्कार. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त आपली नोंद ‘फिरंग’ या नावाने केली, म्हणून आपले आडनाव मी तेच धरून चालतो. ‘उपदंश’ हे आपले सोवळ्यातले नाव, आणि आमच्या आळीत दार लोटून घेतल्यावर उच्चारले जाणारे ‘गरमी’ हे घरगुती.

पत्रास निमित्त आपल्या निर्वेध संचाराचे. सुरतेहून कोलकात्यास जाणारा महामार्ग धुळ्यास मुंबई–आग्रा रस्ता ओलांडून जळगावात शिरतो आणि तसाच पुढे भुसावळास जातो; पण जळगाव व धुळे या दोन्ही नगरी २००३ साली महानगरपालिका झाल्या, भुसावळची नगरपालिकाच राहिली, आणि प्रत्येकीचे दफ्तर निराळे, ठराव निराळे, अंमलदार निराळे. जकातनाके होते त्या काळी गुळाच्या ढेपेचीही पावती फाडल्याखेरीज सुटका नसे. आपण मात्र त्याच नाक्यांवरून, एका कवडीचाही महसूल न भरता, तिन्ही हद्दी एका रात्रीत ओलांडीत आलात. गटारी आणि गाळ्यांचे भाडे यांवर आमचे नगरपिता मध्यरात्रीपर्यंत भांडू शकतात, परंतु आपल्या बंदोबस्तासाठी तिन्ही गावच्या कारभाऱ्यांनी एका सतरंजीवर बसावे, असा विषय कोणाच्या पत्रिकेवर आल्याचे मी तरी ऐकले नाही. याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन!

विलायतेत मात्र आपल्याविरुद्ध कट शिजला आहे, म्हणून सावध करतो. २०१३ पासून इंग्लंडात गुप्तरोगांचा महकमा स्थानिक संस्थांकडे सोपविला गेला. तेथे कोणत्याही रहिवाशाने कोणत्याही पेठेतील दवाखान्यात जावे आणि बिल मात्र त्याच्या राहत्या पेठेच्या पालिकेस यावे, असा प्रघात. तेव्हा एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या लंडनच्या बहुतेक बरो-पालिकांनी, धर्मापेक्षा हिशेबाच्या भयाने म्हणा, एकत्र येऊन २०१८ साली तपासणीची एक सामाईक ऑनलाइन सेवा उभी केली. मनुष्याने घरबसल्या मागणी नोंदवावी, साध्या पाकिटातून छोटी पेटी यावी, बोट टोचून रक्ताचे थेंब व बाटलीत मूत्र भरून ती टपालात टाकावी, आणि निकाल भ्रमणध्वनीवर वाचावा. लक्षणे दिसत असतील त्याने मात्र थेट दवाखाना गाठावा. एवढे करूनही इंग्लंडात २०२३ साली आपण १९४८ नंतरचा उच्चांक गाठलात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि तेथे आपली शिरगणती होते, महाराज. आमच्याकडे आपण अद्याप अफवेच्या रूपाने वावरता.

इकडच्या सरकारने आपणांस अगदीच वाऱ्यावर सोडले होते, असेही नाही. १८६८ च्या कायद्याने इंग्रजांनी गोऱ्या शिपायांच्या आरोग्यास्तव गरीब वेश्यांची सक्तीने नोंद व तपासणी करविली. शिपाई मात्र मोकळे. तो कायदा १८८८ साली गुंडाळला गेला. आता सरकारी रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे, एचआयव्हीची परीक्षा विनामूल्य आहे, आणि २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून ती करण्यास व निकाल फोडण्यास मनाई आहे. आपल्या समाचारासाठीही पांढऱ्या खोक्यातले पेनिसिलीन ठेवलेले असते, जे आपणांस आजही मानवत नाही. परंतु कायद्याचे हात नोंदवहीपर्यंत पोचतात. बाहेरच्या बाकापर्यंत नाहीत. त्या बाकावर बसलेल्या तरुणास गावचा कोणी मोठ्या प्रेमाने ‘काय रे भो, इकडे कसा?’ असे विचारतो, आणि तो ‘दाताचं दाखवायला’ असे सांगून उठतो, तो परत येत नाही. पुढे स्थानकाजवळच्या भिंतीवर रंगविलेला ‘खात्रीशीर इलाज’ त्याचा ताबा घेतो. आपली खरी जहागीर ती!

आमच्या तीन नगरसंस्थांनीही लंडनचा कित्ता गिरवावा, असे मी एका माजी नगरसेवकास सुचविले. पैसे मोजणाऱ्याच्या घरी येऊन खासगी प्रयोगशाळेचा मनुष्य रक्त नेतोच. मग ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने लाज तेवढी का मोजावी, हा माझा साधा प्रश्न. ते बराच वेळ स्तब्ध राहिले व म्हणाले, “उद्घाटनाची फीत कोणी कापायची? आणि फोटोत उभं कोण राहणार?” या शंकेस माझ्यापाशी आजही उत्तर नाही. शिवाय उघड बोलणाऱ्याची गत ठाऊक आहेच: र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असले विषय उघड्यावर छापले, तर अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांनाच दंड झाला. आपल्यावर आजवर एकही फिर्याद नाही.

आणखी एक अडचण मजकडूनच. आमच्या घरी टपाल प्रथम आत्याबाई फोडतात, मग ते कोणाच्याही नावचे असो. पोस्टमनही पाकीट हलवून ‘आत काय हो?’ असे विचारल्यावाचून ते हाती देत नाही. तेव्हा पेटी घरपोच येण्याऐवजी मनुष्याने स्वतःच जाऊन टपाल कचेरीतून सोडवून घ्यावी, अशी तजवीज खानदेशापुरती करावी लागेल. हे कलम मी तिन्ही नगरसंस्थांना द्यावयाच्या अर्जात लिहून ठेवले आहे. तिन्ही कचेऱ्यांत तो कोणत्या खिडकीवर द्यावा, याचा शोध चालू आहे.

उत्तर धाडण्याचे मनात आलेच, तर साध्या पाकिटातून धाडावे, आणि वर प्रेषकाचे नाव घालू नये.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

आपला,
एक करदाता,
पिंप्राळा