बाण नको, भाव द्या

"वहिनी, कढीलिंब न्या हवा तेवढा. पण तुमच्या चिरंजीवांना माझा एक निरोप द्या."

"आता काय केलं त्यानं?"

"त्यानं नाही हो, त्याच्या जातभाईंनी. शेअरचं सॉफ्टवेअर करतात ना ते लोक? परवा माझ्या कॉम्प्युटरवर नवीन आवृत्ती उतरली. मला न विचारता. स्क्रीन काळीकुट्ट, अक्षरं मुंगीएवढी, आणि कोपऱ्यात एक 'स्मार्ट सल्लागार' सारखा लुकलुकतोय. चार्टवर मी टिपणं लिहून ठेवायची, ती सोयच गायब."

"पण काकू, तुम्ही वापरता ते त्याच्या कंपनीचं नाही."

"नसू दे. सगळे एका माळेचे मणी. तुम्हाला रिलायन्सची गंमत सांगितली का मी?"

"नाही बाई."

"ऑक्टोबर २०२४. रिलायन्सनं एकास एक बोनस दिला. २८ तारखेला भाव निम्मा झाला, साडेसव्वीसशेच्या आसपासचा शेअर साडेतेराशेच्या आत आला. पण शेअर दुप्पट झाले, म्हणजे माझी रक्कम होती तिथंच. सातवीतल्या पोराला कळेल हे. या शहाण्या सॉफ्टवेअरला कळेना! मागचे भाव निम्मे करून घ्यायचे, एवढंच काम. ते केलंच नाही. चार्टवर सरळ कडेलोट, आणि वर हा एवढा लाल बाण. विका म्हणे!"

"अगं बाई! विकलेत?"

"मी? जन्मभर गणित शिकवलं ते कशाला? पण मागच्या गल्लीतल्या भाऊंचा फोन आला, 'बाई, रिलायन्स बुडाली का?' त्यांच्याकडेही हेच सॉफ्टवेअर. आणि हे एका दिवसावर भागत नाही हो. दोनशे दिवसांचं अॅव्हरेज काढतात ना, त्यात ते जुने दुप्पट भाव नऊ-दहा महिने मुरत बसतात. चार्ट रोज सांगणार, शेअर मंदीत आहे. मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं, 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' दुसऱ्या दिवशी बघते तर तक्रारीपुढं लिहिलेलं, निवारण झाले."

"झालं होतं का?"

"कुठलं! शेवटी मीच हातानं भाव दुरुस्त केले."

वहिनी डहाळ्या पदरात घेत म्हणाल्या, "रागावू नका, पण आमचा पोरगा वेगळंच सांगतो. म्हणतो, आई, बाण मागणारे ढीगभर, भाव तपासून बघणारा एखादाच. साहेब म्हणतात, ज्याचे पैसे मिळतात ते आधी करा. आणि भाव सांभाळायचं काम म्हणजे मोरी घासणं. घासली तर कुणाच्या लक्षात येत नाही, तुंबली की बोंब. २०२४च्या जुलैत एनएसईनं रोजच्या भावकॉपीचा, म्हणजे भावांच्या फायलीचा, साचाच बदलला. रात्र-रात्र जागला होता बिचारा."

"ते आठवतंय मला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या आठवड्यात भावच येईनात. पण वहिनी, बाजारानं ते आधी जाहीर केलं होतं. बजेटचंही तेच. १ फेब्रुवारी २०२५ला शनिवार होता, तरी बाजार चालू ठेवला. सगळ्या देशाला ठाऊक. या सॉफ्टवेअरवाल्यांच्या कॅलेंडरात शनिवार म्हणजे सुट्टी, त्यामुळं तो दिवस चार्टवर उगवलाच नाही. २०२५च्या सप्टेंबरपासून निफ्टीची आठवड्याची एक्सपायरी गुरुवारची मंगळवारी आली. आमचे अजून गुरुवारीच घंटा वाजवतात."

"मग तो सल्लागार तरी बरा आहे का?"

"त्याचंच तर सांगते, इकडं या जरा. मागचा चार्ट उघडा, प्रत्येक बाण अचूक. तळाला हिरवा, माथ्यावर लाल. बघणाऱ्याला वाटावं, हा देवच. मी वहीत लिहून ठेवायला लागले. सोमवारी एका शेअरवर हिरवा बाण होता. गुरुवारी बघते तर पुसलेला! पुढचे भाव बघून मागचे बाण हलवतात हो. परीक्षा झाल्यावर उत्तरपत्रिका दुरुस्त करू दिली तर माझ्या वर्गातला कोण नापास झाला असता?"

"ही तर लबाडी झाली."

"ती बॅकटेस्ट म्हणतात, तिथंही हेच. आजची निफ्टीची पन्नास नावं घेतात आणि वीस वर्षं मागं जाऊन नफा दाखवतात. अहो, सत्यम २००९च्या जानेवारीपर्यंत निफ्टीत होता, येस बँक २०२०च्या मार्चपर्यंत. पडलेल्यांना यादीतून वगळल्यावर नफाच दिसणार. आणि पोरं हे बघून फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उड्या मारतात. सेबीनं २०२४मध्ये आकडे काढले, तीन वर्षांत शंभरातले त्र्याण्णव जण तोट्यात. एकूण एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर गेले."

"आमच्या जाऊबाईंचा धाकटा त्यातलाच. बोलत नाही, पण गाडी विकली."

"बघा! म्हणून म्हणते, चिरंजीवांना सांगा. बाण नकोत, रंग नकोत. बोनस, स्प्लिट वेळेवर लावा, सुट्ट्यांची यादी नीट ठेवा, आणि काय बदललं ते चार ओळींत लिहून कळवा. बास."

"सांगते. शनिवारी येतोय. पण काकू, इतकं वाईट आहे तर पैसे भरू नका ना पुढच्या वर्षी."

"भरले की परवाच."

"काय सांगता!"

"विकत घेताना म्हणाले होते, एकदाच भरा, आयुष्यभर वापरा. आता म्हणतात, ते आयुष्य जुन्या आवृत्तीचं होतं. इतक्या वर्षांचे माझे चार्ट त्यांच्याच पेटीत अडकलेत. बाहेर काढायची सोय मागितली, तर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत देऊ."