मॅरेथॉन धावण्याचा शास्त्रोक्त विधी

मुंबई मॅरेथॉन धावायची तर सगळ्यात आधी लागते ती पावसाळ्यातली एक रात्र. जेवण झालेलं असावं, पांघरूण अंगावर असावं आणि फोन हातात. या स्थितीत स्वतःच्या पायांबद्दल जो विश्वास वाटतो तो उभं राहिल्यावर टिकत नाही, म्हणून अर्ज आडवं पडूनच भरावा. शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे पश्चात्तापाला चांगले चार-पाच महिने हाताशी राहतात.

अर्जात आणीबाणीच्या वेळी कोणाला कळवावं, असा एक रकाना येतो. तिथे नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव लिहावं आणि ही बातमी त्यांना शक्यतो पाहुण्यांसमोर द्यावी. पाहुण्यांसमोर फक्त ‘पैसे भरून पळायचं?’ एवढंच विचारलं जातं. उरलेले प्रश्न पाहुणे गेल्यावर येतात.

अंतराचे पर्याय आहेत. सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन आहे, तिच्यात लोक झाड, पाण्याचा थेंब किंवा एखादा सामाजिक संदेश बनून येतात आणि दहा वाजता घरी पोहे खातात. हाफ आहे, २१.०९७ किलोमीटरची. शहाण्याने यांतलं एक निवडावं आणि हा लेख इथेच सोडावा. पुढचं मार्गदर्शन फुल मॅरेथॉनवाल्यांसाठी आहे. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर.

या आकड्याच्या शेपटाबद्दल इंग्रजांना जबाबदार धरायला हरकत नाही. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या किल्ल्यापासून सोडली, स्टेडियमपर्यंत २६ मैल भरले, आणि शेवट राजघराण्याच्या आसनांसमोर व्हावा म्हणून आत आणखी ३८५ यार्ड पळवलं. १९२१मध्ये तेच माप जगासाठी कायम झालं. १९०८मध्ये गादीवर असलेल्या सातव्या एडवर्डच्या आईचं नाव आपल्या बोरीबंदरच्या स्टेशनाला होतं. ते आपण बदलून सीएसएमटी केलं. त्याच स्टेशनासमोर मॅरेथॉन सुटते आणि तिथेच परत येते, पण ते ३८५ यार्ड कमी करून घ्यायचं मात्र राहून गेलं.

आता सराव. सराव म्हणजे बूट घेणं. बुटांची किंमत वडिलांना सांगताना एक शून्य गाळावं. त्यांनी सगळी नोकरी एका जोडावर काढलेली असते. बुटांपाठोपाठ घड्याळ आणि घड्याळापाठोपाठ भाषा येते. ‘सकाळी जरा पळून आलो’ असं म्हणणारा अजून रनर झालेला नाही. त्याने ‘आज इझी बारा केले, पेस थोडा हाय होता’ असं म्हणायला शिकावं, आणि समोरच्याने न विचारता म्हणावं.

सरावासाठी एखाद्या ग्रुपमध्ये शिरणं अटळ आहे. प्रत्येक ग्रुपमध्ये पहाटे पावणेचारला ‘उठलात का?’ विचारणारा एक असतो, सगळ्यांचे पाय बघून निदान करणारा एक असतो, आणि लडाखला धावून आलेला एक असतो. लडाखवाल्याला हवेबद्दल काही विचारू नये. पहाटेच्या अंधारात डोंबिवली, मुलुंड, ठाणे कुठेही पळा, गल्लीतली कुत्री पेस सुधारून देतात. मात्र ती मागे लागली की पळू नये, उभं राहावं, हा नियम पळायला निघालेल्या माणसाला पाळणं जड जातं. अंतर हळूहळू वाढवावं. शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी एकदा तीस-बत्तीस किलोमीटर पळून घ्यावं आणि मग सराव कमी करत यावा. याला टेपर म्हणतात. बाकीचा सराव कसाही होवो, हा भाग बहुतेकांचा चोख होतो.

‘गुडघे जातील’ असं तुम्हाला जवळजवळ सगळेच सांगतील. त्यांतले बरेचसे स्वतःचे गुडघे न पळता घालवून बसलेले असतात. वाद घालू नये. धावण्यासाठी जपून ठेवायचा दम बोलण्यात जातो.

आहाराच्या बाबतीत मराठी माणसावर निसर्गाची कृपा आहे. शरीर पिष्टमय पदार्थांतून साखर साठवतं, स्नायूंत आणि यकृतात, आणि हा साठा साधारण तीस किलोमीटरच्या आसपास आटतो. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस भात, बटाटे, साबुदाणा वाढवायचा असतो. परदेशात याला कार्ब लोडिंग म्हणतात आणि त्याचे तक्ते मिळतात. आपल्याकडे एका चतुर्थीत ते आपोआप होतं. पथ्य एकच: शर्यतीच्या आधी नवीन काही खायचं नाही. मिसळ तर जुनी ओळख असली तरी नाही.

आदल्या रात्री कपडे पलंगावर माणसाच्या आकारात मांडावेत: टीशर्ट, त्याच्यावर चार सेफ्टी पिनांनी लावलेला नंबराचा कागद, म्हणजे बिब, खाली चड्डी, त्याच्याखाली मोजे आणि बूट. मग फोटो काढून सगळीकडे पाठवावा. यात माणूस नसतो, पण उद्याच्या फोटोंपेक्षा हाच बरा येतो. नंतर झोपायला जावं. झोप लागणार नाही. गजर वाजण्याआधी उठून गजर बंद करावा, म्हणजे घरच्यांवर उपकार होतात.

पहाटे रेल्वे या शर्यतीसाठी खास लोकल सोडते. उभ्या आयुष्यात एकदा तरी रिकाम्या, बसायला जागा असलेल्या गाडीने सीएसएमटीला जायचं असेल तर हा एक मार्ग आहे, बेचाळीस किलोमीटर लांबचा. डब्यात सगळे अनोळखी, सगळ्यांच्या छातीवर नंबर, आणि प्रत्येकाच्या हातात केळं. कोणी बोलत नाही. मधूनच कुणीतरी मांड्यांना आणि बगलेत व्हॅसलीन चोपडतो, आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. पुरुष वाचकांना एक विनंती: छातीवर दोन ठिकाणी चिकटपट्टी लावाच. कारण विचारू नका. तीन तास ओल्या टीशर्टचं घर्षण झाल्यावर ते आपोआप कळतं आणि फोटोतही येतं.

यानंतर विधीतला सगळ्यात गंभीर भाग येतो. आझाद मैदानात, अंधारात, फिरत्या संडासांसमोर रांगा लागलेल्या असतात. मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी, डॉक्टर, पोलीस, कॉलेजची पोरं, सगळे एका रांगेत. तिथे सगळ्यांचं दुखणं एकच. रांग निवडताना माणसं मोजू नयेत, चेहरे वाचावेत. शांत चेहऱ्यांची रांग लवकर सरकते. अस्वस्थ चेहऱ्यांच्या रांगेत पुढच्याचं काम लांबतं, आणि त्याच्याशी तुमचा थेट संबंध असतो. लाउडस्पीकरवर शर्यत सुरू व्हायला दहा मिनिटं उरल्याची घोषणा होते तेव्हा रांगेत पुढे अजून सहा जण असतात. रांग सोडावी का? सोडू नये. तुमची वेळ बिबला लावलेल्या चिपमुळे तुम्ही रेषा ओलांडल्यापासूनच मोजली जाते, तोफेपासून नाही. या चिपचा हा सर्वात मोठा उपयोग आहे.

पहाटे पाचच्या सुमारास शर्यत सुटते. विरार लोकलमध्ये चढता येणाऱ्याला सुरुवातीच्या रेटारेटीची भीती नाही, पण तिथली सवय इथे घातक ठरते: मोकळी जागा दिसली की घुसायचं. मुद्दाम हळू पळावं. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये तुमच्या पुढे जाणारे बरेचजण पेडर रोडवर परत भेटतात, चालताना.

सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही. दुचाकी आणि रिक्षांनाही बंदी आहे. वर्षातून एका सकाळी ५.६ किलोमीटरचा हा पूल पायांना मोकळा मिळतो. तिथे सेल्फीसाठी मध्येच थांबणाऱ्यांना डावीकडून वळसा घालावा की उजवीकडून, याबद्दल दोन संप्रदाय आहेत. टोल वाचल्याचा आनंद कोणी मानत असेल तर त्याने प्रवेश शुल्काची पावती एकदा पाहावी. पुलावर प्रेक्षक नसतात. शेकडो बुटांचा आवाज तेवढा येतो, आणि आपलंच शरीर काय काय बोलतंय ते पहिल्यांदा नीट ऐकू येतं.

आणि मग कधीतरी समोरून मोटारसायकली येतात, त्यांच्यामागे पाच-सहा सडसडीत माणसं, आणि तुम्ही ‘अरे’ म्हणेपर्यंत गेलेली असतात. ही खरी शर्यत. ती तुमच्यानंतर सुटते आणि तुमच्या आधी संपते. इथिओपियाच्या हेले लेमीने २०२३मध्ये हे अंतर २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत कापलं, म्हणजे तासाला जवळजवळ २० किलोमीटर, न थांबता. ऑफिसच्या वेळेला याच रस्त्यावर टॅक्सीला हे जमत नाही.

माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी हा पट्टा मात्र निवांत वाचावा, कारण मॅरेथॉनमध्ये शिकण्यासारखं जे आहे ते इथे आहे. अनोळखी माणसाने दिलेलं काही खाऊ नये, हे आपल्याला आईने आणि रेल्वेने आयुष्यभर सांगितलेलं असतं. आज सगळं खायचं. रविवारची झोप मोडून लोक फुटपाथवर उभे असतात; घरून संत्री सोलून आणलेली असतात, बिस्किटांचे पुडे फोडलेले असतात, चिक्की असते. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली असल्याने एखादी आजी तिळाची वडी हातावर ठेवते, आणि गोड बोलायचं वचन द्यायला तुमच्याकडे श्वास नसतो. कोणी तळहातावर मीठ घेऊन उभा असतो, तेही चाटावं. भरमसाट पाणी ढोसून मीठ न घेतल्याने रनर आजारी पडतात, त्यामुळे हा माणूस वेडा नाही, डॉक्टर असण्याची शक्यता आहे. वेदनाशामक स्प्रेचा डबा घेऊन उभी असलेली पोरं दुखरा पाय विचारत नाहीत, दिसेल तो फवारतात. लहान मुलं टाळीसाठी हात पुढे करतात. प्रत्येकाला टाळी द्यायला गेलात तर चाळीस मिनिटं जातात, न दिलीत तर शेवटच्या पोराचा चेहरा पुढचे चार किलोमीटर सोबत येतो. द्यावी.

प्रेक्षकांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग ‘आलंच आता, जवळच आहे!’ असं सांगतो. हे असत्य आहे आणि ते कृतज्ञतेने घ्यावं. दुसरा वर्ग प्रामाणिक असतो: ‘अजून फक्त चौदा!’ या वर्गाशी नजर मिळवू नये.

तीस ते पस्तीसच्या दरम्यान साखरेचा साठा संपतो आणि माणसाचा स्वभाव उघडा पडतो. पाढे म्हणून पाहावेत; सतराचा अडला की साखरेचं जेल खायची वेळ झाली. मार्गात आयोजक अधूनमधून बदल करतात, पण पस्तिशी उलटल्यावर पेडर रोडचा चढ चढलेला माणूस ओळखू येतो. तो पुढे केव्हाही गाडीतून तिथून जाताना गप्प होतो. एरवी हा चढ आहे हेच मुंबईकराला ठाऊक नसतं. चढावर चालायला हरकत नाही. फक्त फोटोग्राफर दिसला की पाच पावलं धावायचं. पुढे चौपाटीवरून मरीन ड्राइव्ह अख्खा दिसतो, शेवटापर्यंत. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना तो सुंदर वाटतो. तुम्ही तिकडे बघू नये, पुढच्याच्या पाठीवरचा मजकूर वाचत राहावं.

शेवटची रेषा ओलांडल्यावर हात वर करावेत आणि त्यानंतर घड्याळ बंद करावं. आधी घड्याळाकडे हात नेणाऱ्यांचा फोटो वेळ विचारल्यासारखा येतो. घड्याळात अंतर ४२.७ किंवा ४२.८ दिसेल. कोर्स चुकीचा मोजला, अशी तक्रार ग्रुपवर करायची प्रथा आहे. कोर्स बरोबर असतो; तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, आणि तुम्ही संत्र्यांसाठी फुटपाथ ते फुटपाथ हिंडलेले असता.

मेडल गळ्यात घालून लोकलने घरी यावं. नालासोपाऱ्यापर्यंत काढू नये.

सोमवारी जिना उतरताना तोंड मागे करून, कठड्याला धरून उतरावं. याच अवस्थेत शेजारच्या मावशी भेटतात, आपल्या घरात नेऊन सोफ्यावर बसवतात आणि मॅरेथॉनचा खरा प्रश्न विचारतात: “कितवा आलास?”

या प्रश्नाची तयारी कोणत्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये नसते. ‘स्पर्धा स्वतःशीच होती’ असं सांगणाऱ्याला मावशी ‘म्हणजे शेवटचा’ असं समजतात. निकालात तीन क्रमांक असतात: एकूण, पुरुष किंवा महिला, आणि वयोगट. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा सांगावा आणि वयोगटाचा उल्लेख गिळावा. तरी तो चार आकडी भरला तर इतिहासाकडे वळावं. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२०मध्ये अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, तेही शर्यत ४२.७५ किलोमीटरची असताना, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. एकोणिसावा येऊनही माणसाचं नाव शंभर वर्षं राहतं, असं मावशींना समजावावं.

“बरं, मग पहिला कोण आला?”

“इथिओपियाचा एक.”

“त्याला काय मिळालं?”

“पैसे. डॉलरमध्ये.”

“आणि तुला?”

“मेडल. आणि केळं.”

“आणि तू भरलेस किती?”

इथे पाय दुखत असल्याचं सांगून उठावं आणि घरी जावं. मात्र सोमवारी मावशींच्या सोफ्यावरून आपलं आपण उठता येत नाही. हात त्याच देतात, आणि उठवता उठवता पुढच्या वर्षीचा फॉर्म कधी निघतो ते विचारतात. त्यांच्या मोठ्या जावयाचं पोट सुटलंय.