हळदीचं दूध: नवशिक्यांसाठी

'पी हळद अन् हो गोरी' हा कार्यक्रम एका रात्रीत उरकायचा असेल, तर पुढचं वाचू नका. बाकीच्यांनी आधी वाईला यावं. ढोल्या गणपतीला हात जोडावेत आणि बाजारात शिरून हळद मागावी. 'वायगावची आहे का हो?' असं मात्र विचारू नका. ते गाव वर्धा जिल्ह्यात आहे, आणि इथला दुकानदार उगाच दुखावतो.

दळलेली नको, हळकुंडं घ्या. भडक पिवळ्या पुडीला भुलू नका. तो रंग मेटॅनिल यलोचाही असतो, लेड क्रोमेटचाही. हळकुंड मोडून बघा. कट्‌कन मोडलं आणि आत केशरी रंग दिसला की पैसे काढा. घासाघीस करण्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा शिवारात जाऊन या. आठ-नऊ महिने पोसलेली हळद खणून काढतात, शिजवतात, पंधरवडाभर उन्हात वाळवतात, मग ड्रममध्ये घोळून पॉलिश करतात. एवढं करून शंभर किलो ओल्या हळदीची जेमतेम वीस किलो हातात येते.

आता कृती. कपभर दूध सायीसकट घ्या, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. पाव चमचा हळद घालून उकळी आणा. वर चिमूटभर मिरपूड. ही चैन नव्हे: बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की मिऱ्यातल्या पिपरिनमुळे कर्क्युमिन अंगी लागण्याचं प्रमाण वीसपट वाढतं. तेवढ्यावर अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊ नका. त्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते असतं साधारण ३ टक्के. म्हणजे तुमच्या कपात वीस-बावीस मिलिग्रॅम. बरोबरी करायची तर नव्वदेक कप दूध लागेल. आधी म्हशीची सोय बघा.

दूध सदऱ्यावर सांडेलच. साबण लावताच डाग लालभडक होईल. घाबरू नका, हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार. भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात टाका, ऊन तो रंग खातं.

गुण आला तर शोध आपलाच म्हणून मिरवू नका. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरनं अमेरिकेत मिळवलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने दाखले समोर टाकले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

शेवटची सूचना, ही गमतीत घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आमटीत मात्र रोजच्यासारखी घाला.