नाडा, सोंदूर आणि मोठेबाबा

पोळा जवळ आला की आमच्या मोठेबाबांच्या कोठ्यात दोरांची तपासणी होते. आर्वी तालुक्यातलं गाव. कोठ्यात गवळाऊ बैलांची जोडी होती तोवर या कामाला अर्थ होता. पोळ्याला वेसण, म्होरकी, कासरा सगळं नवं लागतं. आता जोडी विकून ट्रॅक्टर आलाय. त्याला वेसण लागत नाही, हे मोठेबाबांना सांगण्याची हिंमत फक्त मोठ्याईत आहे, आणि तिला कपडे वाळत घालायला दोर हवा असतो.

तपासणी कडक. दोर उन्हात पसरायचा, पीळ उलटा फिरवून आत डोकवायचं. अंबाडीचा दोर वरून धडधाकट दिसतो, पण ओलीत राहिला की आतून कुजतो. पीळ उकलला की भुकटी गळते. नायलॉन कुजत नाही, मात्र उन्हानं कडक होतं, गाठ धरत नाही आणि बैलानं हिसका दिला की तळहाताची सालटी काढतं. मग वास घ्यायचा. शेवटी एक टोक मोठेबाबांच्या पायाखाली, दुसरं माझ्या हातात, आणि ‘ओढ!’

नापास होऊन दोर कोठ्याबाहेर गेला, असं मात्र कधी घडलेलं नाही. कासरा नापास झाला की त्याचं दावं होतं, दावं नापास झालं की वासराच्या गळ्यात जातं आणि त्यातूनही उरलेला सुंभ भांडी घासायला. पहिल्या खुंटीचा मान मोटेच्या नाड्याला, दुसरीचा सोंदुराला. विहिरीवर विजेचा पंप बसून जमाना झाला, मोटेचं कातडं उंदरांनी संपवलं. नाडा आहे.

गेल्या पोळ्याला आतेबहिणीचा मुलगा आला. तो मालवाहू जहाजावर असतो. मुंबईचा समुद्र आमच्यापासून रेल्वेनं 750 किलोमीटर, त्यामुळे त्याला पाहायला निम्मं गाव जमलं. त्यानं सांगितलं की नांगराच्या साखळीचे 27.5 मीटरचे तुकडे जोडलेले असतात. नांगर वर घेताना साखळीवर पाण्याचा फवारा मारून चिखल धुतात आणि मग तिच्यासाठी असलेल्या खास खोलीत ती उतरवतात. इथवर मोठेबाबा खूश होते. साखळीला स्वतंत्र खोली! त्यांनी मोठ्याईकडे सूचक पाहिलं.

‘अन् बदलता कधी?’

‘जहाज गोदीत आलं की कड्यांची जाडी मोजतात, आबाजी. 12 टक्के झिजली की तुकडा बाद.’

‘बाकीच्या 88 टक्क्यांचं काय करता बे?’

‘भंगारात.’

मोठेबाबांनी त्या रात्री पुरणपोळी अर्धी टाकली. मोठ्याईला वाटलं, पित्त झालं.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला आणि ट्रॅक्टर काळ्या मातीत फसला. तो ओढायला दुसरा ट्रॅक्टर आला, पण लोखंडी साखळी कोणाकडेच नाही. मोठेबाबा इतक्या वर्षांची वाट पाहिल्यासारखे उठले, खुंटीवरून नाडा काढला, गाठ स्वतः मारली. ‘आता पाय!’ पहिल्याच हिसक्याला नाडा फाटकन तुटला. कोणी हसलं नाही. हसण्याची सोयच नव्हती. मोठेबाबांनी चिखलातून दोन्ही तुकडे उचलले, धोतराला पुसले, वेगवेगळे गुंडाळले.

‘एकाचे दोन झाले,’ ते मला म्हणाले, ‘धाकटा तान्ह्या पोळ्यात पोराच्या नंदीले होते. घरी जाऊन अजून एक खुंटी ठोक.’