गुलाबी डाकबंगला

"काकू, ऐकलं का? आमचा पोट्टा अन् त्याचे दोस्त डाकबंगला दुरुस्त कराले चालले! श्रमदान म्हणे."

मी लाखोरीची भाजी निवडत होते. सूप तसंच काखेत धरून कुंपणाशी गेले. शेजारच्या वहिनींच्या बातमीतलं निम्मं खरं असतं, उरलेलं निम्मं ऐकायला जास्त मजा येते.

आमच्या गावाबाहेरचा तो जुना सरकारी बंगला. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आम्ही भंडाऱ्यातले, त्याही आधी मध्य प्रांतातले. बंगला त्या मध्य प्रांताच्या काळचा. चुन्यातली वीट, सागाचे मयाल, वर कवेलू. आता छपरीत बकऱ्या बसतात आणि मयालाला उधई.

"बरं केलं पोरांनी," मी म्हटलं. "काय काय करणार?"

"वर्गणी काढून दहा थैल्या सिमेंट आणलं. प्लास्टर मारतीन, मंग ऑइल पेंट. गुलाबी."

माझ्या हातून सूपच सुटलं असतं.

"सिमेंट काहून हो?"

"भिंत पोपडे टाकते ना जी!"

मग मी त्यांना आमच्याच घराचं रामायण पुन्हा ऐकवलं. सासऱ्यांच्या वेळची चुन्याची भिंत. खालून ओल चढायची, तेव्हा कमरेइतकं सिमेंट थापून घेतलं. दोन पावसाळे काय ती गुळगुळीत! तिसऱ्या पावसाळ्यात रात्री धाडकन आवाज झाला. सकाळी बघते तर पाटाएवढी खपली जमिनीवर आणि मागची वीट नखानं खरवडली तरी लाल भुगा. जमिनीतली ओल चुन्यातून वाटेल तशी बाहेर पडते. सिमेंटनं तिची वाट बुजवली की ती आतल्या आत विटेलाच खाते. वर ऑइल पेंट म्हणजे भिंतीला प्लास्टिकचा रेनकोट, तोही ओल्या अंगावर.

"मंग पोट्ट्यायनं हात बांधून बसावं का?" वहिनी जरा फुरंगटल्याच.

मला माहेरचा किल्ला आठवला. माझं माहेर चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की चांदा फोर्ट स्टेशन लागतं, किल्ला स्टेशनाच्या नावातच आहे. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या वेळी त्या किल्ल्याची पायाभरणी झाली. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे, आणि शहराभोवती सुमारे ११ किलोमीटरचा परकोट. आम्ही लहानपणी जटपुरा दरवाजातून रोज शाळेत जायचो, पण त्यावरचा दगडी हत्ती-सिंह मान वर करून पाहिला असेल तर शपथ! परकोटावर काटेरी झुडपं, पायथ्याशी गावाचा कचरा. त्या अंगाला जायचंच नाही, एवढंच आईनं सांगितलेलं.

"तिथं बंडू धोतऱ्यांच्या इको-प्रो संस्थेची पोरं १ मार्च २०१७ ला विळे-कुदळी घेऊन चढली," मी म्हटलं. "रोज सकाळी. सुट्टी नाही, दिवाळी नाही. दोनशे दिवस झाले तेव्हा पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं, ऑक्टोबर महिन्यात."

"अन् प्लास्टर कोणतं मारलं त्यायनं?"

"तेच तर सांगते! परकोट पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. त्यांना न विचारता तिथं एक दगड बसवता येत नाही. पोरांनी झुडपं तोडली, कचरा उचलला, भिंत मोकळी केली. लोकांना ती दिसायला लागली. मग रविवारी माणसं किल्ला पाहायला यायला लागली, आमच्याच गावची! माझा भाऊ साठीत पहिल्यांदा बुरुजावर चढला, अन् फोन करून मलाच दिशा सांगतो."

वहिनी विचारात पडल्या. त्यांच्या लेकाचा उत्साह मोडायचा नव्हता मला. खरं तर उत्साहाची मला भीती वाटते ती एवढ्यापुरतीच, की तो नेहमी रंगाच्या डब्यापासून सुरू होतो. कवेलू फिरवणं, नाली मोकळी करणं, मयालाची उधई पाहणं यात फोटो चांगला येत नाही. पण कौलारू घर पाण्यानं मरतं, आणि पाणी वरून फुटक्या कवेलूतून नाहीतर खालून तुंबलेल्या नालीतून येतं.

"भिंतीत पिंपळ आहे तोही उपटू नका म्हणावं. बोटाएवढं रोपटं असेल तर ठीक. मनगटाएवढं झालं की मूळ विटा घेऊनच बाहेर येतं. आधी कापा, मुळाचं काय करायचं ते जाणत्याला विचारा. अन् पहिल्यांदा साहेबाकडं अर्ज. बंगला सरकारचा, उद्या उलट पोरांवरच केस व्हायची."

"हाव, ते बराबर आहे जी," वहिनी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पण थैल्या दुकानदार परत घेत नाही ना. अन् रंग तर मिसळून झाला. गुलाबी मीच सांगितला होता."

मी मूठभर लाखोरी कुंपणावरून त्यांच्या ओच्यात टाकली.

चार दिवसांनी पाहते तर शेजारच्या गोठ्याला नवी सिमेंटची गव्हाण, आणि फाटक झगझगीत गुलाबी. त्या ओल्या फाटकाला हात न लावता पोरगा कुंपणावरून ओरडला,

"काकू, विळा आहे का जी? अन् अर्ज लिहून द्या. मराठीत 'महोदय' झालं, पुढचं सुचून नाही राह्यलं."